एसी चालू आहे, पण हवा कुठाय? मुंबईतल्या सामायिक ऑफिसची हवा सुधारायची तर

दुपारचे साडेतीन. एसी चोवीसवर, काचेचं दार घट्ट लावलेलं, आत आठ जणांची मीटिंग रंगात यायच्या बेतात. एक जण जांभई दाबतो, ती बघून दुसऱ्याला येते, तिसरी मुलगी चहा सांगायला उठते. आमच्याकडे याचं खापर बरीच वर्षं डब्यातल्या भातावर फुटायचं. मग एके दिवशी त्या टेबलावर कार्बन डायऑक्साइड मोजणारा मीटर ठेवला. मीटिंग सुरू होऊन पन्नास मिनिटं झाली तेव्हा आकडा होता २,३०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २,३०० भाग. बाहेर गॅलरीत तोच मीटर ४३० दाखवत होता. भात निर्दोष सुटला.

मी अंधेरी पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात चालणाऱ्या सामायिक ऑफिसची देखभाल बघते. १,२०० चौरस फूट, पंचवीस खुर्च्या, चार छोट्या कंपन्या, एक मीटिंग रूम, दोन फोन बूथ, एक पँट्री. त्याआधी काचेच्या एका टॉवरमध्ये हेच काम करत होते. दोन्हीकडे जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे. हा क्रम चुकला की पैसे वाया जातात. बहुतेक ऑफिसं सुरुवात करतात ती एअर प्युरिफायर विकत घेण्यापासून, आणि ते काम खरं तर चौथं आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. भिंतीवरचा स्प्लिट एसी किंवा छतातला कॅसेट एसी बाहेरून हवा घेत नाही. बाहेरच्या युनिटशी त्याचं नातं तांब्याच्या दोन नळ्यांचं, त्यांत फक्त गॅस फिरतो. खोलीतली तीच हवा तो ओढतो, गार करतो आणि परत सोडतो. सकाळी साडेनऊला कोणी शिंकलं तर ती शिंक संध्याकाळपर्यंत थंडगार होऊन फिरत राहते.

आधी आठवडाभर मोजा

मीटर घेताना एकच गोष्ट नीट बघा: कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर ‘एनडीआयआर’ प्रकारचा, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने थेट मोजणारा हवा. स्वस्तातली काही यंत्रं हवेतल्या इतर वाफा मोजून त्यावरून कार्बन डायऑक्साइडचा नुसता अंदाज छापतात. कोणी सॅनिटायझर लावला की त्यांचा आकडा उडतो. त्याच यंत्रात किंवा वेगळ्या यंत्रात पीएम २.५ (हवेतले अगदी बारीक कण), तापमान आणि आर्द्रताही दिसू दे.

नवा मीटर आधी गच्चीवर नेऊन वीस मिनिटं ठेवा. ४२० ते ४५० च्या आसपास दाखवला तर ठीक. इथे एक खोच आहे. बरेच मीटर स्वतःच स्वतःला जुळवून घेतात: आठवड्यातला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची मोकळी हवा, असं ते धरून चालतात. तुमचं ऑफिस कधीच उघडलं जात नसेल तर हे गृहीतकच खोटं ठरतं आणि मीटर हळूहळू कमी दाखवायला लागतो. आठवड्यातून एकदा त्यालाही गच्चीची हवा खायला घाला.

मीटर ठेवायचा तो बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला. एसीच्या झोतात नको, खिडकीत नको, आणि कुणाच्या तोंडासमोर तर नकोच, कारण आपल्या उच्छ्वासात सुमारे चार टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो. शेजारी एक साधी वही ठेवा. वेळ, आत किती माणसं, एसी चालू की बंद, खिडकी उघडी की बंद, आकडा. दर तासाला एक ओळ. तुम्हाला वही बावळटपणाची वाटेल, पण मालकाशी बोलायला बसाल तेव्हा तीच कामाला येते.

आकडे कसे वाचायचे? ८०० च्या खाली उत्तम, १,००० पर्यंत चालेल, १,४०० च्या वर गेला की समजा, खोलीत माणसांच्या मानाने ताजी हवा फार कमी येते आहे. एवढा कार्बन डायऑक्साइड स्वतः विषारी नसतो. तो साक्षीदार आहे. तो वाढलाय म्हणजे दुसऱ्यांनी सोडलेला श्वास तुम्ही पुन्हा घेताय, आणि त्या श्वासाबरोबर फ्लू असेल तर तोही. मुंबईत क्षयाचे रुग्ण किती आहेत हे वेगळं सांगायला नको, आणि क्षय हवेतूनच पसरतो.

आता सगळ्यात उपयोगी चाचणी, आणि ती फुकट आहे. संध्याकाळी सगळे घरी गेले की एसीचा नुसता पंखा चालू ठेवा, म्हणजे हवा ढवळत राहील, आणि मीटरकडे बघत बसा. समजा त्या वेळी आकडा १,४२० आहे. बाहेरचे ४२० वजा केले तर १,००० जास्तीचे. हे जास्तीचे ३७० वर यायला, म्हणजे मीटरवर ७९० दिसायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात बाहेरची हवा खोलीच्या आकारमानाइतकी एकदा आत येते. आमच्या गाळ्यात याला एक तास वीस मिनिटं लागली. नऊ फूट उंचीच्या हिशेबाने आमची खोली १०,८०० घनफुटांची. म्हणजे दारं-खिडक्यांच्या फटींतून आणि टॉयलेटच्या पंख्यामुळे मिनिटाला जेमतेम १३५ घनफूट हवा बदलत होती. एसीवाले यालाच १३५ सीएफएम म्हणतील. पंचवीस माणसांत वाटलं तर माणशी पाच-साडेपाच. मीटिंग रूम का घुसमटते, याचं उत्तर त्या एका संध्याकाळी मिळालं.

हवा येते कुठून, जाते कुठे

उदबत्ती घ्या आणि ऑफिसभर फिरा. टॉयलेटच्या दाराच्या फटीशी धरा: धूर आत ओढला गेला पाहिजे. बाहेर येत असेल तर एक्झॉस्ट बंद आहे किंवा त्याच्या जाळीवर धुळीचा जाड थर बसला आहे. पँट्रीशी धरा. मुख्य दाराशी धरा. छताच्या जाळ्यांशी धरा, आणि कुठली जाळी धूर ओढते, कुठली ढकलते आणि कुठली नुसती शोभेची आहे ते कागदावर मांडा. आमच्याकडे तीन जाळ्या शोभेच्या निघाल्या. फॉल्स सीलिंगवर चढून बघितलं तर त्यांना डक्ट जोडलेलाच नव्हता.

तुम्ही मोठ्या टॉवरमध्ये असाल तर हवा इमारतीच्या एएचयूमधून, म्हणजे प्रत्येक मजल्यावरच्या त्या मोठ्या यंत्रातून येते. अशा यंत्राला बाहेरची हवा घ्यायला एक झडप असते, फ्रेश एअर डॅम्पर. जुन्या ऑफिसात मी एकदा ऑपरेटरबरोबर एएचयूच्या खोलीत गेले आणि विचारलं, हा किती उघडा असतो?

“मॅडम, मी आल्यापासून बंदच आहे. उघडला की वरून फोन येतात, थंड होत नाही म्हणून.”

त्याचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्याला कोणी हवेबद्दल कधी विचारलंच नव्हतं, फोन यायचे ते फक्त तापमानासाठी. म्हणून जागा भाड्याने घेण्याआधी किंवा करार वाढवण्याआधी इमारतीला, नाहीतर सामायिक ऑफिस चालवणाऱ्याला, लेखी विचारा:

- या मजल्याला बाहेरची हवा किती सीएफएम मिळते, आणि ती शेवटची कधी मोजली?
- फ्रेश एअर डॅम्पर कामाच्या वेळेत उघडा असतो का? त्याची चावी कुणाकडे?
- एएचयूमध्ये फिल्टर कुठल्या दर्जाचा, आणि बदलला कधी?
- बाहेरची हवा घेण्याची जाळी नेमकी कुठे आहे?

चौथा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तिथे जाऊन डोळ्यांनी बघा. मी बघितलेली एक जाळी बेसमेंटच्या पार्किंगच्या रॅम्पवर होती. दुसरी जनरेटरच्या धुरांड्यापासून दोन हातांवर. तिसरी इमारतीच्या आतल्या डक्टमध्ये उघडत होती, आणि त्या डक्टात कबुतरांची वस्ती. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासात गेली की काही जणांच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. २०२५ मध्ये दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून शहर पेटलं होतं त्यामागे हेच कारण होतं. हवा घेण्याची जागा पार्किंग, जनरेटर, खालच्या चायनीजच्या गाडीचा धूर, टॉयलेटचा एक्झॉस्ट आणि कबुतरं, या सगळ्यांपासून लांब हवी. जाळीला बारीक पक्षीजाळी लावाच.

बाहेरची हवा आत आणणं, हेच मुख्य काम

किती हवा लागते याचा हिशेब सोपा आहे. खुर्चीत बसून काम करणारा माणूस ताशी सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. त्याला माणशी २० सीएफएम बाहेरची हवा दिली की आकडा साधारण ९५० च्या आत स्थिरावतो. अमेरिकेतल्या अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेचं ६२.१ क्रमांकाचं मानक जगभर वापरतात. ते ऑफिससाठी किमान मागणी करतं ती माणशी सेकंदाला २.५ लिटर, अधिक दर चौरस मीटरला ०.३ लिटर. या हिशेबाने आमच्या गाळ्याला २०० सीएफएम पुरतात. कंत्राटदार तोच आकडा घेऊन आला होता. पण अख्खा गाळा भरला तर २०० सीएफएममध्ये मीटर १,७०० वर जाऊन थांबेल. कारण साधं आहे: मुंबईत आपण शंभर चौरस मीटरमध्ये वीस-बावीस माणसं बसवतो, आणि त्या मानकाने ऑफिससाठी धरलेली सर्वसाधारण दाटी पाच माणसांची आहे. म्हणून माणशी २० हाच आकडा धरून बसा. आमच्यासाठी ५०० सीएफएम.

खिडक्या उघडतात अशी जागा असेल तर तुम्ही नशीबवान. फोर्टातल्या जुन्या इमारतींची उंच छतं आणि दारांवरचे झरोके उगाच नाहीत. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला आणि त्याने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड कापले, ते समुद्राची हवा दाट वस्तीत शिरावी म्हणूनही. तेच तंत्र खोलीला लागू पडतं: समोरासमोरच्या दोन खिडक्या चार-चार बोटं उघडल्या तर एकच खिडकी सताड उघडण्यापेक्षा जास्त हवा खेळते. एकाच बाजूला खिडकी असेल तर दुसऱ्या टोकाला एक्झॉस्ट पंखा लावा, तो खिडकीतून हवा ओढून आणेल. समुद्राकडून वारा सुटतो तो दुपारी, पश्चिम आणि वायव्येकडून. जेवणाच्या सुट्टीत वीस मिनिटं एसी बंद करून सगळं उघडायचं, एवढ्या एका सवयीने आमचा दुपारचा आकडा जवळपास निम्म्यावर आला. पैसा शून्य.

पण वर्षभर खिडकीवर भागत नाही, कारण बाहेरची हवा म्हणजे मुंबईची हवा. मे-जूनमधली ३३ अंशांची दमट हवा ५०० सीएफएमने आत घेतली तर ती २४ अंशांवर आणून कोरडी करायला अडीच-पावणेतीन टनांचा जादा एसी लागतो. आणि ताशी नऊ-साडेनऊ लिटर पाणी त्या हवेतून पिळून काढावं लागतं. कळशीभर पाणी, दर तासाला! ऑपरेटर डॅम्पर का बंद करतो ते आता कळेल.

याला उपाय ईआरव्ही, म्हणजे एनर्जी रिकव्हरी व्हेंटिलेटर. बाहेर जाणारी गार, कोरडी हवा आणि आत येणारी गरम, दमट हवा एका पातळ पडद्याच्या दोन बाजूंनी जातात. हवा मिसळत नाहीत, पण उष्णता आणि ओलावा पडद्यातून पलीकडे जातो. ६० टक्के जरी वाचलं तरी पावणेतीन टनांचं ओझं एका टनाच्या आसपास येतं. घेताना नीट विचारा: एचआरव्ही नावाचं मिळतंजुळतं यंत्र फक्त उष्णता अडवतं, ओलावा नाही. थंड देशात ते चालतं, मुंबईत त्याचा उपयोग अर्ध्याहूनही कमी. इथे ओलावा अडवणारंच यंत्र हवं. ते फॉल्स सीलिंगच्या वर मावतं, पण फिल्टर बदलायला खालून झडप ठेवायला सांगा. आमच्या सुताराने पहिल्यांदा ती झडपच बंद करून टाकली होती, वर सुंदर पीओपी.

बसवताना दोन गोष्टी. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा, टॉयलेटचा पंखाही हिशेबात धरून, किंचित जास्त ठेवा. मग फटींमधून हवा बाहेर जाते, पावसाळ्यातली ओल आत येत नाही. आणि सगळी हवा एकाच कोपऱ्यात सोडू नका. आमच्या ५०० पैकी १६० सीएफएम थेट मीटिंग रूममध्ये जातात, तिथून दारावरच्या जाळीतून हॉलमध्ये. आता आठ माणसांची मीटिंग तासभर चालली तरी मीटर हजाराच्या आतबाहेर असतो.

फोन बूथ हे वेगळंच प्रकरण आहे. साडेतीन फूट बाय साडेतीन फूट, उंची सात फूट. एवढ्या डबीत एक माणूस दहा मिनिटं बोलला की १,२०० पीपीएमची भर पडते. सेल्सवाली मंडळी तिथे तासतास असतात. बूथला स्वतःचा छोटा पंखा, हवा आत यायला खाली फट आणि बाहेर जायला वर फट, हे नसेल तर तो बूथ घेऊ नका.

मग गाळणी

आता प्युरिफायरकडे येऊ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मुंबईचा वारा मंदावतो, रात्रीची गार हवा जमिनीलगत साचते, त्यात बांधकामांची धूळ आणि गाड्यांचा धूर. सकाळी सर्वांत वाईट, दुपारी समुद्राचा वारा सुटला की थोडी बरी. भारताचं २००९ सालचं मानक पीएम २.५ साठी चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम ठेवतं, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचवली. ऑफिसच्या आत २५ च्या खाली ठेवायचं ध्येय मी धरलं आहे आणि ते जमतं. हिवाळ्यात सकाळी ऑफिस उघडण्याआधी केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर जवळच्या केंद्राचा आकडा बघायचा. जास्त असेल तर खिडक्या बंद, हवा फक्त फिल्टरमधून.

बाहेरून हवा घेणाऱ्या यंत्राला मर्व्ह १३ दर्जाचा फिल्टर लावा (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक कण अडवतो त्याची श्रेणी). पण तो दाट असतो, पंख्यावर ताण येतो. ईआरव्हीचा पंखा तो फिल्टर लावून किती सीएफएम देतो, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. फिल्टरशिवायचा आकडा माहितीपत्रकात छापायचा, ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे. स्प्लिट एसीच्या आतली प्लास्टिकची जाळी कापसाचे तंतू आणि मोठी धूळ अडवते, पीएम २.५ नाही. तिच्यात मर्व्ह १३ कोंबायचा प्रयत्न करू नका, एसीच गुदमरेल.

खोलीत ठेवायचा प्युरिफायर घेताना ‘इतक्या चौरस फुटांसाठी’ हे वाक्य सोडून द्या आणि सीएडीआर बघा, म्हणजे ताशी किती घनमीटर स्वच्छ हवा. अ‍ॅश्रेने २०२३ मध्ये संसर्गाच्या काळासाठी २४१ क्रमांकाचं मानक काढलं. त्यात ऑफिससाठी माणशी ३० सीएफएम स्वच्छ हवा धरली आहे, बाहेरची आणि गाळलेली मिळून. आमच्या पंचवीस जणांना ७५०. त्यातले ५०० बाहेरून येतात, उरले २५०, म्हणजे ताशी सुमारे ४२५ घनमीटर. हे प्युरिफायरने भागवायचं. मात्र छापलेला सीएडीआर सर्वांत जोरात चालवल्यावरचा असतो, आणि तेवढा आवाज ऑफिसात कोणी सहन करत नाही. दुसऱ्या दिवशी कोणीतरी गुपचूप ‘स्लीप’वर टाकतं. म्हणून मधल्या वेगाचा आकडा विचारा आणि त्यावर हिशेब करा. आम्ही एक दांडगा घेण्याऐवजी दोन मध्यम घेतले, एक प्रिंटरजवळ, एक मीटिंग रूमच्या तोंडाशी. भिंतीला चिकटवून किंवा पडद्यामागे लपवून ठेवू नका.

आयोनायझर, प्लाझ्मा, ओझोन असले शब्द ज्या खोक्यावर असतील ते घेऊ नका किंवा ती सोय बंद ठेवा. ओझोन फुप्फुसांना त्रासदायक आहे. आणि प्युरिफायर कार्बन डायऑक्साइड कमी करत नाही. आधीची पायरी टाळून इथे उडी मारलेल्या ऑफिसात हवा स्वच्छ दिसते आणि जांभया तशाच चालू राहतात.

झाडांबद्दल दर वेळी कोणीतरी विचारतंच. १९८९ च्या नासाच्या प्रयोगाचा दाखला देतात, पण तो छोट्या बंद पेटीत केलेला होता. ऑफिसभर परिणाम दिसायला मनी प्लांटचं जंगल करावं लागेल. डोळ्यांना बरं वाटतं म्हणून ठेवा, पण कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. त्यात डेंग्यूचे डास होतात, आणि महापालिकेची माणसं तपासायला आली की नोटीस मिळते.

पावसाळा: इथे सगळ्यांची परीक्षा

जून ते सप्टेंबर बाहेरची धूळ पाऊस धुऊन नेतो, पण ओल येते. या दिवसांत बाहेरच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे त्याहून गार असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर ही हवा लागली की तिथे घाम फुटणार: एसीचा डक्ट, काच, एसीसमोरची भिंत. एसी अठरावर ठेवणारे लोक भिंतीला बुरशीचं आमंत्रणच देत असतात. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या खोलीच्या एसींना २४ हे मूळ तापमान ठरवलं गेलं ते विजेसाठी, पण पावसाळ्यात भिंतींसाठीही तेच बरं.

आतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवायची, ६५ च्या वर टिकू द्यायची नाही. गरजेपेक्षा मोठा एसी घेतला तर तो खोली पटकन गार करून थांबतो, पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही, आणि खोली गार पण चिकट राहते. ‘जास्त टन म्हणजे जास्त आराम’ हा गैरसमज इथे महाग पडतो. रात्री एसी बंद असताना ईआरव्हीही बंद ठेवा, नाहीतर ते रात्रभर ओली हवा आत भरत राहील. हे मला एका सोमवारी कळलं: शनिवार-रविवार यंत्र चालू राहिलं होतं, आणि कपाटातल्या चामड्याच्या फायलींवर पांढरट-हिरवी लव उभी होती.

आणखी काही गोष्टी भराभर सांगते. छत्र्या आणि रेनकोट दाराबाहेर, स्टँडवर. गालिचा असेल तर पावसाळ्यापुरता गुंडाळून ठेवा, खरं तर कायमचा काढा. छताच्या टाइलवर तपकिरी डाग दिसला की वरून रंग मारू नका, टाइल काढून गळती शोधा. भिजलेलं काहीही एक-दोन दिवसांत वाळलं पाहिजे, नाहीतर फेकलं पाहिजे. एसीच्या ताटलीत बुळबुळीत थर बसतो आणि ड्रेन पाइप तुंबतो, तो जूनच्या आधी साफ करून घ्या. पावसाळ्यात दमटपणामुळे पीएम २.५ चे स्वस्त मीटर जास्त दाखवतात, एसी बंद असताना किंवा खिडकीत दिसलेल्या आकड्याने घाबरून जाऊ नका.

घाण तयारच होऊ देऊ नका

नवं फर्निचर हा सर्वांत मोठा गुन्हेगार. प्लाय आणि एमडीएफच्या चिकटद्रव्यातून महिनोन्‌महिने फॉर्मल्डिहाइड हा त्रासदायक वायू निघत राहतो. सुताराला ई-१ किंवा ई-० दर्जाचाच, म्हणजे हा वायू कमी सोडणारा माल सांगा आणि बिलावर तसं लिहून घ्या. कापलेल्या कडा उघड्या ठेवू देऊ नका, एजबँडिंग करून घ्या. रंग कमी व्हीओसीचा, म्हणजे कमी रासायनिक वाफा सोडणारा. काम संपल्यावर आठवडाभर तरी माणसं बसवू नका, पंखे लावून दिवसा खिडक्या उघड्या ठेवा. लोक भाडं सुरू झालं म्हणून दुसऱ्याच दिवशी बसतात आणि मग डोळे चुरचुरतात म्हणून तक्रार करतात.

बेसिनातल्या डांबरगोळ्या बंद करा, आंब्याच्या नाहीतर मोगऱ्याच्या वासाचे स्प्रेही. वास आला तर एक्झॉस्ट तपासायचा, वासावर वास शिंपडायचा नाही. झाडू कोरडा मारला की बसलेली धूळ पुन्हा हवेत जाते. ओला पोछा, नाहीतर हेपा, म्हणजे अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या फिल्टरचा व्हॅक्युम. पेस्ट कंट्रोल शुक्रवारी रात्री. लेझर प्रिंटर डेस्काच्या शेजारी नको, एक्झॉस्टजवळ हवा. दिवाळीत लक्ष्मीपूजन जरूर करा, पण धूप पेटवण्याआधी खिडक्या उघडा. गेल्या पूजेला आमचा पीएम २.५ चा मीटर तीन आकडी झाला आणि तासभर खालीच येईना. गुरुजींनी विचारलं, हे काय वाजतंय?

मालक, कंपन्या आणि एएमसी

सामायिक ऑफिसात अडचण अशी की हवा सगळ्यांची आणि जबाबदारी कुणाचीच नाही. आम्ही एका व्यक्तीचं नाव ठरवलं, तिच्याकडे वही आणि चाव्या. मीटिंग रूममधला मीटर सगळ्यांना दिसेल असा लावला आणि एक नियम केला: १,२०० झाला की दार उघडायचं आणि पाच मिनिटं बाहेर पडायचं. लोक हा नियम आनंदाने पाळतात, मीटिंगमधून सुटायला निमित्त मिळतं.

मालकाशी बोलताना ‘गुदमरतं’ असं म्हणू नका, वहीची प्रत द्या. आमचे मालक आधी म्हणाले, “तुम्हीच पहिल्या आहात तक्रार करणाऱ्या.” आठवड्याच्या नोंदी बघून गप्प झाले, मग गॅलरीच्या भिंतीला दोन भोकं पाडायची परवानगी दिली. अडून बसलेच तर सांगा की महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने कामगारांच्या आरोग्यासाठी स्वच्छता, उजेड आणि वायुवीजनाची जबाबदारी, ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असतील तिथे, आस्थापना चालवणाऱ्यावर टाकली आहे, त्यामुळे हा नुसता हट्ट नाही.

एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभालीच्या कराराच्या कागदावर ‘सर्व्हिसिंग’ एवढाच शब्द असेल तर माणूस येतो, जाळीवर पाणी मारतो, सही घेतो, जातो. सविस्तर लिहा: एसीच्या जाळ्या दर पंधरा दिवसांनी, पूर्ण वाळवून परत. कॉइल आणि ताटली पावसाळ्याआधी आणि नंतर. ईआरव्हीचा फिल्टर दर तीन महिन्यांनी तपासायचा, हिवाळ्यात महिन्याला. टॉयलेटच्या एक्झॉस्टची जाळी दर महिन्याला. वर्षातून एकदा प्रत्येक जाळीवरचे सीएफएम मोजून कागद द्यायचा. काढलेला फिल्टर फेकण्याआधी मला दाखवायचा, ही अट मी हाताने लिहिली. जानेवारीत आमच्या मेकॅनिकने काढलेला फिल्टर डांबरासारखा काळा होता. त्याने तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाला, “मॅडम, हा मोबाइलवर फोटो काढून द्या. दुसऱ्या गिऱ्हाइकांना दाखवतो, ते बदलूच देत नाहीत.”

संध्याकाळची ती आकडा उतरण्याची चाचणी आम्ही आता वर्षातून दोनदा करतो, जानेवारीत आणि जुलैत. एक तास वीस मिनिटांचे सतरा मिनिटं झाले आहेत. या जुलैत ते बावीसवर गेले, तेव्हा वर चढून बघितलं. बाहेरच्या पक्षीजाळीत ओल्या पानांचा आणि पिसांचा गोळा अडकला होता.